आभाराच्या साठ भेटी

सोमवार, ३ जून

टायवाले आज पुन्हा! कंपनीच्या खरेदी विभागाचे साहेब. आमच्या शिवणखोलीत येतात, टाय सैल करतात आणि हुकूम सोडतात. "बाई, लोगो मोठा करा." अजून किती मोठा? कर्मचाऱ्यांना भेट द्यायची आहे की त्यांच्या पाठीवर पाटी ठोकायची आहे?

मी हटले नाही. गोदामातल्यांना खिशांचा एप्रन, ड्रायव्हरांना गुंडाळून ठेवायची हत्यारांची पिशवी, ऑफिसातल्यांना सपाट उघडणारी वही. लोगो आतल्या बाजूला, अंगठ्याएवढा. बाहेर ज्याचं त्याचं नाव, धाग्याने भरलेलं. दोनशे नावं!

बुधवार, ५

नमुने मान्य! एप्रनला पेनाचा वेगळा खिसा हवा, हे भाऊजींनी सुचवलं होतं. माझे धाकटे दीर, त्याच कंपनीच्या कर्मचारी विभागात एकोणीस वर्षं. मालकांना नेमका तोच खिसा आवडला म्हणे.

मंगळवार, ११

नावं आली. एक नाही, दोन याद्या. एकशे चाळीस जणांच्या भेटीत चिठ्ठी — "पुढची वाटचाल सोबतीने." साठ जणांच्या भेटीत — "आजवरच्या साथीबद्दल आभार."

फोन लावला. "दोन मजकूर कशाला?"

टायवाले म्हणाले, "तुम्ही शिवणकामाचं बघा ना, बाई."

अंगाचा तिळपापड झाला! साठ जणांना कामावरून काढणार, आणि निरोप माझ्या हातून धाडणार!

साठावं नाव भाऊजींचं आहे.

बुधवार, १२

सुई दोनदा बोटात घुसली. शेवटी उठले, कंपनीत गेले आणि टायवाल्यांना तोंडावर विचारलं, "ज्याला काढताय त्याने हा एप्रन कुठल्या गोदामात घालायचा?"

"भेटीमागच्या भावना बघायच्या असतात."

भावना! वर धमकी — बाहेर बोललात तर पुढचं काम विसरा.

घरी ह्यांना सांगितलं. "त्याला ऑफिसातूनच कळू दे. आपण कशाला मध्ये?" सख्खा धाकटा भाऊ, आणि ह्यांची दातखीळ बसली! भांडले. जेवले नाही.

गुरुवार, १३

साठ भेटी कपाटात कोंडून कुलूप घातलं. देणार नाही. खेचा म्हणावं कोर्टात!

शुक्रवार, १४

राहवलं नाही, भाऊजींकडे गेले. जाऊ चहा टाकायला आत गेल्यावर हळूच म्हटलं, "भाऊजी, काढायच्या यादीत तुमचं नाव आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "यादी मीच केली, वहिनी. साठ नावं मागितली होती. एकोणसाठ लिहिली आणि पुढे हात चालेना. मग माझंच घातलं."