तळहातावरचं मीठ

७ मार्च

आले एकदाची सासरी! दोन बॅगा, एक खोकं, एक कुंडी आणि मी. दारातच नवऱ्याने बॅग स्वतःच्या पायावर पाडून घेतली, त्यामुळे माझं स्वागत राहिलं बाजूला आणि सगळे त्याच्या अंगठ्याभोवती जमले. सगळे म्हणजे सासरे आणि नणंद. सासरे अगदी गोड माणूस आहेत, त्यांना बाबाच म्हणायचं ठरलं. नणंदबाई पलीकडच्या गल्लीत राहतात. तोंडाने फटकळ, पण आल्या आल्या मला अर्धं कपाट रिकामं करून दिलं.

घर छान आहे, फक्त स्वयंपाकघर म्हणजे काडेपेटी. दोघं आत असली की तिसऱ्याने श्वास घ्यायचा नाही. म्हणून तर लग्नाआधीच बोलून ठेवलंय, की शेजारचा तबेला आत घ्यायचा, मधली भिंत पाडायची आणि मोठं, पांढरंशुभ्र स्वयंपाकघर करायचं. खिडकीपाशी जेवायचं टेबल. मी नकाशासुद्धा काढून आणलाय.

तबेल्यात घोडा आहे. नवऱ्याच्या लहानपणी बाबा याच घोड्याच्या गाडीतून घरोघर पाव पोचवायचे. गाडी केव्हाच मोडीत गेली, घोडा राहिला. बाबांना सख्खा भाऊ नाही, म्हणून ते घोड्याला भाऊ म्हणायचे, आणि मुलं साहजिकच काका म्हणायला लागली. म्हणजे हे माझे चुलत सासरे! ओळख करून द्यायला मला नेलं, तर चुलत सासऱ्यांनी माझी बाही कोपरापर्यंत चाटून काढली. हिरवट, फेसाळ लाळ, आत चावलेल्या गवताच्या काड्या. सगळे कौतुकाने हसले. मीही हसले, आणि न्हाणीघरात जाऊन साबण लावून लावून हात धुतला.

१३ मार्च

मला किळस फार. हे काही मी लपवून ठेवलेलं नाही. औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर हातमोजे घालून गोळ्या मोजते. दुसऱ्याच्या उष्ट्या ग्लासाला मी कधी ओठ लावत नाही. आणि इथे बाबा सकाळी तळहातावर मीठ घेऊन काकाला चाटायला देतात आणि त्याच हाताने मला चहाचा कप देतात. मी कप घेते, खिडकीतल्या कुंडीत ओतते.

आज तबेल्याची मापं घ्यायला गवंडी आला. गप्पिष्ट माणूस, दोन मापं घेतो आणि दहा गोष्टी सांगतो. मागच्या भिंतीत माझ्या छातीइतक्या उंचीवर एक खळगा आहे, आत घागर सहज बसेल एवढा. गुळगुळीत, चकाकता. गवंडी म्हणाला, काही नाही वहिनी, भिंतीला लोणा आहे, भिंतीतून मीठ सुटतं आणि जनावराला मीठ म्हणजे जीव की प्राण. काकाने तो खळगा नुसत्या जिभेने आणि दातांनी पाडलाय. इतकी वर्षं. बाबा अभिमानाने म्हणाले, आमचा भाऊ काम अर्धवट टाकत नाही, खारट लागतंय तोवर चाटत राहतो. सासूबाई गेल्या तेव्हा बाबा रडायला तबेल्यात जायचे म्हणे, आणि काका त्यांचं तोंड चाटून कोरडं करायचा.

ऐकून मी नकळत स्वतःचाच गाल पुसला. नणंदबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

२१ मार्च

काकाला धड उभं राहवत नाही. मागचा पाय कुजत चाललाय, माश्या हाकलून हटत नाहीत, आणि तो गोडसर घाण वास थेट ताटापर्यंत येतो. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सरळ सांगितलं, की आता ठेवण्यात अर्थ नाही, इंजेक्शन देऊन सोडवा. बाबा काकाच्या पायावरच्या माश्या हाकलत राहिले. मग नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मीच म्हटलं, की त्याचे हाल आपल्याला बघवत नाहीत तर उशीर कशाला. हे खरंच होतं. माझ्या डोक्यात पांढऱ्या टाइल्सही होत्या, तेही खरं.

२४ मार्च

आज काका गेला.

या घरात निरोपाची रीत आहे. कुणी शाळेला निघो नाही तर परगावी, जाण्याआधी काकाला तळहातावर मीठ द्यायचं. तो ते चाटून संपवणार, मग आपण निघायचं. आज निघणारा तो होता. बाबांनी दिलं, नवऱ्याने दिलं, नणंदबाईंनी दिलं आणि ढसाढसा रडल्या. मग काकाने मान माझ्याकडे वळवली.

मी हात मागे घेतला. बाबांनी बरणी पुढे केली, म्हणाले, दे गं, तूही घरातलीच ना. मी नाही म्हटलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पिवळा फेस वाळला होता, जिभेवर करडा थर होता. नाहीच जमलं. डॉक्टर सुई भरून थांबले, सगळे थांबले, काकाही थांबला. नणंदबाई म्हणाल्या, निदान डोळ्यांतून एक टिपूस तरी काढ. तेही आलं नाही. शेवटी डॉक्टरांनी उरकलं. पडतानासुद्धा त्याची जीभ माझ्या दिशेनेच बाहेर आली होती.

संध्याकाळी जेवायला बसलो, तर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. जरा राग आला. घोडाच होता ना.

१८ एप्रिल

झालं! स्वयंपाकघर झालं! मधली भिंत गेली, ओटा आला, खिडकी आली. गवंड्याने खळगा विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवला, वर माझ्या पांढऱ्या टाइल्स. तोंड दिसतं त्यात. नणंदबाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, दवाखान्यासारखं झालंय. मी ती तारीफ समजले.

बाबा अजून नव्या टेबलाशी जेवत नाहीत. ताट घेऊन बाहेर बसतात. येतील हळूहळू.

२२ एप्रिल

मागच्या भिंतीवर एक टाइल ओली होती, जिथे खळगा होता तिथेच. पुसायला गेले तर बोटांना चिकट लागलं. ताणलं की तार येत होती. नवरा म्हणाला, ओल असेल, नवं काम आहे. ओलीला तार येते का? फडका फेकूनच दिला.

२५ एप्रिल

रोज पुसते, रोज परत. आज त्यात चावलेल्या गवताची काडी होती. घरात आता गवत कुठलं? गवंड्याला बोलावलं. त्याने नखाने खरवडलं, हुंगलं, आणि छातीठोकपणे सांगितलं, लोणाच आहे वहिनी, जाता जात नाही हा. मी म्हटलं, या टाइलची चकाकी गेलीय, मधोमध खोलगट झालीय, हात लावून बघ. तो म्हणाला, माल हलका निघाला असेल.

२९ एप्रिल

मिठाची बरणी. झाकण घट्ट लावलेलं. उघडली तर आत मिठाचा लगदा, हिरवट, फेसाळ, गरम. हो, गरम. आणि तो वास, कुजक्या पायाचा, गोडसर. मी मोरीत ओकले.

बरणी फेकली. दुपारी नवऱ्यासाठी अंडी सोलून, मीठ लावून टेबलावर ठेवली आणि पाणी आणायला वळले. परत बघते तर अंडी चाटूनपुसून लखलखीत, खाली ताटलीत लाळेचं तळं. नवरा आला आणि त्यातलंच एक उचलून खायला लागला. मी किंचाळले. तो म्हणतो, काय झालं, अंडंच आहे, फक्त आळणी आहे.

त्याला लाळ दिसत नाही. त्याने निरोप दिलाय ना.

३ मे

उकाडा वाढलाय. ओट्याशी उभी होते, मानेवरून घाम चालला होता. मागून काहीतरी जाड, ओलं, उबदार, मानेपासून कानापर्यंत — सावकाश. मग पुन्हा. वळले तर कुणी नाही. केसांत फेस. केसांत काड्या.

अंघोळ केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा करताना नवऱ्याने दार वाजवलं.

६ मे

आता दुकानातही. गिऱ्हाईकासमोर. हातमोज्याच्या आत — बोटांच्या मधे — जीभ. मोजा काढला तर सडक्या गवताचं पाणी टपकलं. मालकांनी घरी पाठवलं.

मीठ खायचं सोडलंय. घाम थांबत नाही. भीतीने जास्तच येतो.

९ मे

मान जळते. आरशात पाहिलं. कातडी चकाकतेय, गुळगुळीत, पातळ. खोलगट.

त्या भिंतीला किती वर्षं लागली असतील. मला इतके दिवसही —

११ मे

बाबांना सांगितलं. सगळं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. जवळ बसले, माझ्या मानेकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, अगं, तो छळत नाही, तो वाट बघतोय. तुझंच राहिलंय. मीठ ठेव हातावर, प्रेमाने जा म्हण, मग जाईल. आमचा भाऊ मनाचा वाईट नव्हता कधी.

मी म्हटलं, बाबा, मला किळस येते हो. ते म्हणाले, येऊ दे. डोळे मीट आणि हात पुढे कर.

१२ मे

नाही जमलं. बरणी उघडली आणि ओकारी आली.

रात्री उशी ओली होती. माझ्या घामाने नाही.

आता दातही. नुसते टेकवतो — लांब, पिवळे असणार — खरवडतो —

१४ मे, दुपार

घरी कुणी नाही. बरं झालं.

टेबलाशी बसलेय. डाव्या तळहातावर मीठ. उजव्या हाताने लिहितेय, लिहीत राहिलं म्हणजे हात मागे ओढणार नाही.

वास आला. तोच, गोडसर.

आला. गरम श्वास, मनगटावर. ओठ, केसाळ. शी. शी, शी. जीभ — जाड — बोटांच्या बेचक्यांतून — लाळ कोपरापर्यंत ओघळतेय. हलणार नाही मी. जा काका. खरंच जा. चुकलंच माझं, सगळ्यांसमोर तुला तसं उभं ठेवलं. माझ्याकडेच बघत होतास. शेवटचं कुणी तरी आपला हात मागे घेतला, हेच बघून गेलास ना रे.

संपलं मीठ. हात कोरडा. थांबला.

थांबला! वास कमी झाला. बाबा म्हणाले तसंच. गेला वाटतं. गेला बिचारा, एवढंच हवं होतं त्याला, आणि मी —

मला रडू येतंय. इतक्या दिवसांनी, त्याच्यासाठी. खरं रडू. गालावरून —

गालावर ऊब.

नको काका, झालं ना, दिलं ना मीठ — हे मीठ नाही, हे — पापणी उचलतोय जिभेने — आत —

डावीकडचं दिसत नाही. उजवा अजून आहे. खारट आहे तोवर — रडू थांबलं की थांबेल तो, मला थांबवायला हवं रडणं, पण दुखतंय, इतकं दुखतंय की कसं थां