दोघांनाही वाटलं, दुसरा गेला

रविवार, दुपार

प्रिय ताई,

तर काल तू ताट टाकून उठलीस आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. आईसमोर बोलायला जमत नाही, म्हणून लिहून दाराखालून सरकवतोय. शुद्धलेखनाला हसू नकोस, इंग्लिश मीडियमचा माल आहे.

तुझ्या कुंडीला पाणी घातलं. भाजी करपली, ती मीच करपवली. झाल्या बातम्या.

तुमच्या लॅबमधल्या रक्ताच्या नळ्यांना नंबर देणारे ते दोन सर्व्हर मी जोडले, तेव्हा किती नाचलो होतो! एक काम करतो, दुसरा त्याची नाडी ऐकत बसतो. नाडी थांबली की दुसरा खुर्चीत. तू विचारलंस, "आणि पहिला नुसता झोपला असेल तर?" मी म्हटलं, "ताई, तू तुझ्या नळ्या सांभाळ."

त्याची सोय असते गं. खुर्चीत बसण्याआधी दुसऱ्याने पहिल्याची वीज तोडायची, म्हणजे दोघं एकदम कारभार करत नाहीत. पण ते सेटिंग टेस्टिंगमध्ये सारखं चांगल्या सर्व्हरचाच गळा धरायचं. डेमो तोंडावर आलेला. मी ते काढूनच टाकलं, म्हटलं नंतर बघू. डेमोला टाळ्या पडल्या, मग कोण बघतंय!

मंगळवारी त्या दोघांमधली केबल सैल झाली. दोघंही ठणठणीत, पण दोघांनाही वाटलं, दुसरा गेला. दोघंही नंबर वाटत सुटले. तुझ्या टेबलावर एकाच नंबरच्या दोन नळ्या आल्या.

लेबलं तू बरोबर लावली होतीस, ताई. नंबरच चुकीचा आला होता.

नर्सला शंका आली म्हणून, नाहीतर त्या आजोबांना भलतंच रक्त चढलं असतं. सगळे तुझ्यावर तुटून पडले, तुला घरी बसवलं. मी तिथेच स्क्रीनसमोर उभा होतो. मला तेव्हाच कळलं होतं.

काल माझ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गप्प बस. तुझी ताई येईल आठवड्यात परत. हे बाहेर गेलं तर आपण दोघं कायमचे घरी." आणि मी मान हलवली. हलवली गं.

तेच जेवताना सांगायला लागलो, तर तू उठलीस.

उद्या तुझी चौकशी आहे. मी बोलणार आहे, साहेब काही म्हणोत, नोकरी जावो. फक्त तू सांग, तू आत जायच्या आधीच बोलून टाकू, की तुझ्यासमोर, तुझ्या तोंडाकडे बघून बोलू?

तुझ्या शेजारी गप्प उभा राहिलेला,
टिल्लू