ताऱ्याआडचे सेकंद

३ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. शेवटच्या वळणांवर गाडीने इतके हेलकावे दिले की पोटातलं सगळं घशाशी आलं, पण वर येऊन खाली उतरले आणि शीण कुठल्या कुठे गेला. डोंगरमाथ्यावर पांढरा घुमट, त्याला लागून दुमजली निवास, आणि बाकी नुसतं आकाश. दोन वर्षं अर्ज करत होते या नोकरीसाठी. दादा म्हणायचा, तारे मोजायला पगार देणारे आणि तो घेणारे, दोघंही वेडेच. वहिनीने मात्र निघताना लोकरी मोज्यांचे दोन जोड जास्तीचे कोंबले.

इथे आम्ही चौघं. वेधशाळेचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. साठीचे, मोजकं बोलणारे, जाड चष्म्याचे. मिस्त्री, म्हणजे घुमटाच्या मोटरपासून नळाच्या वायसरपर्यंत जे बिघडेल ते याच्या गळ्यात. आणि स्वयंपाकाच्या मावशी. त्यांनी मला बघताच विचारलं की तू दुर्बीण हलवणार की दुर्बीण तुला. बर्फ पडला की रस्ता मार्चपर्यंत बंद. मला त्याचं काही नाही. पाच महिने कोणी लग्नाचा विषय काढणार नाही, हे सुख काय कमी आहे?

६ नोव्हेंबर

हात बसतोय. रात्री आठ ते पहाटे पाच काम. एका ताऱ्यावर दुर्बीण रोखायची आणि डोळा नेत्रकाचेला लावून तो मधोमध धरून ठेवायचा. त्याचा प्रकाश एका नळीत पडतो, नळीत त्याची वीज होते, आणि शेजारी सरकणाऱ्या कागदावर काटा रेघ ओढत जातो. तारा तेजस्वी असेल तर रेघ वर, मंद असेल तर खाली. मग तोच प्रकाश लोलकातून सोडून वर्णपटाचा फोटो घ्यायचा: तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा आणि त्यात केसाएवढ्या काळ्या रेघा. तारा कशाचा बनलाय, किती तापलाय, ते या रेघा सांगतात. दुपारी उठून फोटोच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि रेघांमधली अंतरं वहीत उतरवायची.

मिस्त्री म्हणतो, आपला दोघांचा धंदा एकच, तारा सांभाळायच्या. तुमच्या वर, माझ्या भिंतीत.

१० नोव्हेंबर

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम खाली गेली आणि सहा सेकंदांनी वर आली. नेत्रकाचेतही तारा तेवढा वेळ विझल्यासारखा झाला होता. ढगाचं एखादं चुकार लक्तर असेल. पण बाहेर पाहिलं तर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. कागदाच्या कडेला तशी नोंद केली.

१५ नोव्हेंबर

परवापासून बर्फ. रस्ता गेला. खालचं गाव अठरा किलोमीटर.

ते सहा सेकंद रोज येतात, आणि आता सहा राहिलेले नाहीत. नऊ, तेरा, काल एकोणीस. मला वाटलं नळी खराब. मिस्त्रीने नळी बदलली, सगळे जोड तपासले, दोष नाही. मग काल मी मुद्दाम दर तासाला दिशा बदलली. उत्तरेचा तारा, दक्षिणेचा, थेट डोक्यावरचा. जो धरला तो विझला. बाजूचे तारे जागच्या जागी. म्हणजे जे काही आड येतं ते मी बघते तिथेच येतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले की नोंदी करत राहा, नजर मात्र काढू नकोस. त्यांनी एकदाही कागद मागितला नाही, याचं मला नवल वाटलं.

१९ नोव्हेंबर

मंदावण्याच्या नेमक्या वेळात वर्णपटाचा फोटो घेतला. सगळी दुपार त्या काचेवर गेली. ताऱ्याच्या रेघा आहेत तिथेच आहेत, पण तांबड्या बाजूला तीन रुंद काळे पट्टे जास्तीचे. ताऱ्याचे नव्हेत, कारण वेगवेगळ्या ताऱ्यांवर तेच. मी डोकं धरून बसले होते तेव्हा मिस्त्री चहा घेऊन आला. त्याने काच पाहिली, आणि म्हणाला की असं एकदा त्याच्याकडून झालं होतं. भिंग पुसताना त्याने त्यावर हाः केलं होतं आणि आधीचे निरीक्षक ओरडले होते. आम्ही करून पाहिलं. दिव्यासमोर काच धरून त्याने श्वास सोडला, मी फोटो घेतला. तेच तीन पट्टे. ओलसर, कोमट वाफेचे.

मी गमतीने म्हटलं, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाशी कोणीतरी श्वास सोडतंय. मिस्त्री हसला नाही. दुर्बिणीचं तोंड जमिनीपासून चाळीस फुटांवर आहे.

मी विचारलं, आधीचे निरीक्षक गेले कुठे. तो म्हणाला, "ताई, मला सांगितलंय की घरी गेले. गाडी आलेली मी काही पाहिली नाही."

२२ नोव्हेंबर

कपाटात आधीच्या निरीक्षकाची वही सापडली. सुंदर अक्षर. त्याच्याही वहीत तेच आकडे चढत गेलेत, सात, बारा, वीस, एकतीस. एकशे चार सेकंदांनंतर पुढची पानं कोरी.

आज रविवार, दादाला फोन करायचा दिवस. साहेबांनी सांगितलं की बर्फाने लाइन तुटली. मिस्त्रीने मागे जाऊन पाहिलं. लाइन शाबूत आहे. वायर आतून काढून नेलीय.

२६ नोव्हेंबर

तीन रात्री ढग. घुमट बंद, दुर्बिणीवर कापड. मी प्रथमच रात्री झोपले.

पहिल्या सकाळी मावशी कुरकुरत होत्या की त्यांच्या खिडकीची काच बाहेरून धुरकटली आहे. ताटाएवढा गोल. दुसऱ्या सकाळी तो परातीएवढा झाला होता. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली सरळ भिंत. मी त्यांना माझ्या खोलीत झोपायला बोलावलं. त्या म्हणाल्या, तुझ्या त्या आकड्यांच्या बडबडीने झोप लागायची नाही पोरी, मी माझ्या पांघरुणातच बरी.

आज सकाळी चूल थंड होती. मावशींची खिडकी उघडी. पांघरूण आतून अजून कोमट. खाली ताज्या बर्फावर एक पाऊल नाही.

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आज ते बोलले. सहा वर्षांपूर्वी त्यांनाच ते प्रथम दिसलं. ते काय आहे त्यांना ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की कोणाचा तरी डोळा दुर्बिणीला असला की ते समोरच थांबतं, आणि डोळा हलला की निवासाकडे येतं. दिवसा नसतं. उन्हाळ्यात नसतं. चार वर्षं ते स्वतः बसले. मग मोतीबिंदू झाला, मंद तारे दिसेनासे झाले, म्हणून माणूस नेमला. तो एका रात्री खुर्चीत पेंगला.

त्यांना निरीक्षक नको होता, पहारेकरी हवा होता. मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर आली असतीस?"

फोनचं विचारलं. ते म्हणाले की इथून कोणी खाली गेलं तर ते मागोमाग गावात जाईल, आणि गावात पोरंबाळं आहेत. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची दया आली नाही.

२७ नोव्हेंबर

चालत निघावं म्हणून मिस्त्री आणि मी पहाटेच बाहेर पडलो. कमरेइतका बर्फ. दुपारपर्यंत दुसऱ्या वळणाशी. अंधार वाटेतच गाठणार हे दोघांनाही कळलं. आल्या पावली परत फिरलो.

रात्र स्वच्छ. आम्ही पाळ्या लावल्या, तासाला एक. बावन्न सेकंद.

२९ नोव्हेंबर

संध्याकाळी घुमटात शिरलो आणि मागे कडी वाजली. साहेबांनी बाहेरून कुलूप घातलं. दाराआडून म्हणाले की माफ कर, पहाटे उघडतो. मिस्त्रीने लाथा घातल्या. लोखंडी दार.

एकसष्ट. पहाटे त्यांनी उघडलं, ताटं आत सरकवली आणि पुन्हा लावलं. हातात बर्फ तोडायची कुऱ्हाड होती.

१ डिसेंबर

दिवसाही कोंडलेले. झोप तुकड्यातुकड्याने. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी गळतं. त्याची धाकटी यंदा शाळेत जायला लागली, हे तो दोनदा सांगतो. मी दोन्हीदा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

सत्त्याऐंशी. तारा परत येतो तेव्हा कडेने नाही येत. मधूनच येतो, जणू पापणी —

नाही लिहीत.

२ डिसेंबर

सकाळपासून साहेबांचा आवाज नाही. ताटं आली नाहीत. निवासात दिवा नाही. आज पहाटे मिस्त्रीची पाळी असताना तो क्षणभर — कबूल केलं त्याने. रडला. मी रागावले नाही. मीही पेंगले असते.

आता चावी कोणाकडे?

तीच रात्र, एक वाजता

डोळा काचेला. वही मांडीवर, न बघता लिहितेय, अक्षर कसंही येऊ दे. मिस्त्री खाली दाराशी, बिजागरीची खीळ ठोकून काढतोय. ठोक ठोक ऐकू येतं. बरं वाटतं.

एकशे एक. आता दर पाच मिनिटांनी येतं.

दीड वाजता

वीस मिनिटं झाली, तारा एकदाही मंदावला नाही. स्वच्छ. काटा सरळ रेघ ओढतोय. इतका सुंदर तारा मी आल्यापासून पाहिला नव्हता.

गेलं असेल का — सुटलो असू तर —

चाळीस मिनिटं. काही नाही. ठोकणं थांबलं. मिस्त्री वर आला वाटतं, मागे उभा आहे. दमलाय बिचारा, श्वास लागलाय. त्याला म्हटलं, बस जरा. बसत नाही.

मानेला ऊब लागतेय

खालून हाक. मिस्त्रीची. ताई, दार निघालं, चला लवकर. खालून. दाराशी आहे तो. खाली

तारा स्थिर. काटा स्थिर. समोर काही नाही, कारण ते समोर

मान वळवायची नाही. मिस्त्रीला ओरडून सांगते पळ, वर येऊ नकोस, प