तुमचंही बरोबर आहे

३ जानेवारी

चि. भाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. चहा पिताना, जेवताना, सदा न कदा मोबाइलमध्ये डोकं खुपसून तू परक्या लोकांशी सरकारवरून हमरीतुमरीवर येतोस आणि मधेच एकटाच हसतोस म्हणे. अरे, घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालं. डॉक्टरांनी मनस्ताप टाळायला सांगितलाय. ज्यांचं नाव नाही ठाऊक, तोंड नाही पाहिलं, त्यांच्याशी कसला वाद? विकतचं दुखणं नुसतं!

आमच्या शिवणवर्गात मुली सतरा, मशिनी पाच. त्यांचं भांडण सोडवताना माझाच दोरा तुटतो.

फोनवर तुझ्याशी बोलणं होत नाही, म्हणून पत्राची वाट पाहते. लोभ आहेच, तो पुरवून वापर.

तुझी ताई

१२ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस. बावीस वर्षं मी बसस्थानकाच्या माइकवर गाड्या पुकारल्या. आता जुन्या कागदांच्या खोलीत बसतो. घरी पाटीवर वाक्य पुरं करीपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. लेक थांबते, वाचते, मान हलवते. भेटणारे लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जसा काही मी बहिरा झालोय.

मोबाइलवरच्या त्या गटात मात्र सगळेच लिहितात. तिथे माझं नाव ‘भोंगा’. ‘खवचट’ नावाचा एक गृहस्थ आहे. सरकारी बस विकून टाका म्हणतो. रोज आमची जुंपते. मालिकेतली सासू परवा तिसऱ्यांदा मरून परत आली. मी लिहिलं, हिला निवडणुकीला उभी करा, अनामत तरी जप्त होणार नाही. तीनशे माणसं हसली, ताई. खवचटसुद्धा.

तिथे कुणाला काही माहीत नाही. असू दे तसंच. आशीर्वाद असावा.

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझ्या मनासारखं झालं. ते सगळं सुटलं.

मागच्या रविवारी तिथल्या मंडळींनी ठरवलं की बसच्या प्रश्नावर भोंगा आणि खवचट यांनी लिहायचं नाही, मोबाइलवरच थेट तोंडानं बोलायचं, सगळे ऐकतील. मी दोनदा टाळलं. खवचटानं सगळ्यांदेखत विचारलं, भोंग्याची दातखीळ बसली का? लोक खिदळले. बाकीचेही सुरू झाले, कुणी मूग गिळले म्हणालं, कुणी वाचा गेली म्हणालं. माझा तोल गेला आणि मी खरं ते लिहून टाकलं.

मग खवचटानं माफी मागितली, मनापासून मागितली. काळजी घ्या म्हणून दीडशे निरोप आले. वाईट कुणीच वागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच एक चुकीचा आकडा टाकला. खवचट असा आकडा सोडणाऱ्यातला नव्हे. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शेवटी त्यानं लिहिलं, तुमचंही बरोबर आहे.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हाही मी रडलो नव्हतो. परवा मोरीत नळ सोडून रडलो. मग खातं बंद केलं. बायकोला हायसं वाटलंय, मी आता जेवताना मान वर करून जेवतो.

प्रकृती ठीक. कळावे.

तुझा भाऊ

१७ फेब्रुवारी

चि. भाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वर्गात वाचलं आणि मुलींना लवकर घरी पाठवलं.

मला मोठेपणानं समजूत घालता आली असती, पण तोंड नाही. ऑपरेशननंतर मी तुला पाहायला आले तो दिवस आठवतोय? तू माझ्यासमोर बसला होतास, हातभर अंतरावर. मी तुझ्या बायकोला विचारलं, हा नीट जेवतो का? झोप लागते का याला? मग मी आणि ती तासभर तुझ्याबद्दल बोललो. तू पाटी उचललीस, खडू घेतलास आणि जरा वेळानं तसाच खाली ठेवलास. मी ते पाहिलं होतं, भाऊ. तरी विचारलं नाही की काय लिहीत होतास.

त्या तीनशे परक्यांनी तुला ऐकून घेतलं, आणि मी सख्खी असून नाही. त्यांच्याशी कसला वाद म्हणणारीही मीच.

शनिवारी पहिल्या गाडीनं येतेय. वर्गाला चार दिवस सुट्टी दिली आहे. त्या दिवशी काय लिहायचं होतं ते आठवत असेल तर लिही, नसेल तर दुसरं काहीही लिही. कितीही वेळ लागू दे.

ताईवर राग धरला असशील तर तोही लिही, पण लोभ सोडू नकोस.

तुझी ताई