दहापैकी नऊ

रवि. ९ नोव्हें.
समुपदेशनाचा तिसरा वर्ग. लातूरहून सहाच्या एस्टीनं नांदेड. मालकाला होस्टेलच्या भिंतीवर सर्टिफिकेट पायजे, पालक विचारतात म्हणे. मग झिजायचं कुणी? रेक्टरबाईनं!
लोह्याला वर्गातली वर्षा चढली. तिथं उपकेंद्रात नर्स हाय. जागा धरली होती तिच्यासाठी. नांदेडपर्यंत गप्प. ड्यूटीनं थकली असंल.
वर्गात फॉर्मला आधारची झेरॉक्स जोडायची होती. तिनं कागदपत्रांची गुलाबी पिशवी काढली. घडी घातलेला एक कागद खाली पडला, तो झपकन उचलून आत कोंबला. म्हटलं, "प्रेमपत्र का गं?" हसली न्हाई.

रवि. १६
आज सराव. एकीनं समुपदेशक व्हायचं, एकीनं दुखणं घेऊन आलेली बाई. तिसरी बसून निरीक्षणाचा फॉर्म भरणार. सरांचा नियम: दुखणं मनानं रचून आणा, स्वतःचं खरं काढायचं न्हाई.
वर्षानं रचली रेखा, अंगणवाडीताई. पोरीला ताप आला, घरीच गोळ्या देऊन दिवस काढले, स्वतः सर्वेला फिरत राहिली. पोरगी गेली. घरात कुणी तिचं नाव काढत न्हाई. रेखानं चिठ्ठी लिहून कागदपत्रांत ठेवलीय. "रेशनकार्ड काढायला जातील तवा सापडंल."
मी काय केलं? मान हलवली. "तुम्हाला फार एकटं वाटतंय." नजर, आवाज, मधे थांबणं, सगळं फॉर्मप्रमाणं. दहापैकी नऊ! सर म्हणाले, शिका यांच्याकडून.
येताना वर्षाला म्हटलं, "काय ॲक्टिंग केलीस गं, रडवलंस की."
"हाव ताई. जमली."
चिवडा घेतला. लई खूश होते मी.

मंगळ. १८
होस्टेलात बारावीची एक पोर रडून राहिली होती. तिच्यावर नऊ मार्कांची विद्या चालवली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नेहमीसारखं बोला ना." घ्या!

रवि. २३
लोह्याला वर्षा चढली न्हाई. फोन बंद. धरलेली जागा सोडली, पुढं आले.
आजचा धडा: समोरचा जिवाचं बरंवाईट करंल अशी शंका आली, तर आडून विचारायचं न्हाई, सरळ विचारायचं. विचारल्यानं ते डोक्यात भरत न्हाई, उलट माणूस बोलतं. सर फळ्यावर लिहून राहिले अन् माझ्या डोळ्यांपुढं तो घडीचा कागद आला. गुलाबी पिशवी. रेखाची चिठ्ठी.
सरांना बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "मीबी ऐकलं होतं की हो." म्हणाले, एकटीला सोडू नका, उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन या, मी तिथं बोलून ठेवतो. वर्ग अर्धा टाकून निघाले. एस्टी कधी नव्हे ती एवढी हळू.
दहापैकी नऊ. थू.

त्याच दिवशी, लोहा, वर्षाच्या घरी
उपकेंद्रात विचारून घर गाठलं. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. "जयभीम ताई, या. डोकं दुखतंय म्हणून पडलीय सकाळपासून." भिंतीवर शाळेच्या ड्रेसातल्या पोरीचा फोटो, हार घातलेला. ह्या बाईनं मला कधी सांगितलंच न्हाई. मी तरी कुठं विचारलं?
वर्षा भिंतीकडं तोंड करून पडलेली. सरळच विचारलं. जीभ अडखळली, पण विचारलं. "वर्षा, जीव द्यावा वाटतो का तुला?"
तोंड भिंतीकडंच ठेवून म्हणाली,
"ताई, हा सराव हाय का?"
"न्हाई गं."
"फॉर्म कोण भरतंय?"
"कुणीच न्हाई."
"हाव," म्हणाली. "रोज वाटतं."
दारात तिचा नवरा उभा होता. खालीच बसला. पोरीचं नाव घेऊन रडला. वर्षा उठून त्याच्याकडं बघत राहिली. मीबी रडले, आवाज-बिवाज काही सांभाळला न्हाई.
मालकाला फोन, रात्री इथंच थांबते, उद्या येत न्हाई. "अन् सर्टिफिकेट?" ठेवून दिला फोन.

सोम. २४, नांदेडच्या एस्टीत
अक्षर हलतंय. मधी वर्षा, एका अंगाला मी, एका अंगाला तिचा नवरा. सर दवाखान्याच्या दारात थांबणार हायेत. केसपेपरला आधार लागंल म्हणून गुलाबी पिशवी तिच्याच मांडीवर.
"वर्षा, तो कागद माझ्याकडं दे."
पिशवीवरचा हात तसाच. "दवाखान्यातून आल्यावर बघू, ताई."
आल्यावर, म्हणाली. तेवढं धरून बसलेय.