बँडसॉ चार बोटं खाली

४ फेब्रुवारी

दादाने बँडसॉ पाठवून दिला! सकाळी शेडचं कुलूप काढतोय तोच दारात टेम्पो, वर बँडसॉ दोरीने आवळलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. टेम्पोवाल्याला विचारलं, काय म्हणाले? "काही नाही. भरून दिला आणि पत्ता सांगितला."

वाटणीच्या वेळी दोघांनी मिळून केलेला गाढवपणा आहे हा. एकाच मोटरवर रंधा, गोल करवत, ड्रिल आणि टोकाला जोडायचा बँडसॉ, म्हणजे गोलाई कापायची पट्ट्याची करवत – असं ते सगळं मिळून एक मशीन. ते आम्ही वाटून घेतलं! दोघंही हट्टाला पेटलेले, मधे मामा. त्यांनी कंटाळून 'मशीन धाकट्याला, बँडसॉ थोरल्याला' म्हणून हात झटकले. तेव्हापासून गोलाईचं काम मी बाहेरून कापून आणतो. त्याने म्हणे बँडसॉला वेगळी मोटर बसवली. बोलणं बंद ते बंदच.

आता हा परत का? मला तर काही कळायला मार्ग नाही. ही म्हणाली, "फोन करा ना." मी का करू? पाठवलाय त्याने.

५ फेब्रुवारी

जोडायला घेतला. मशीनचा शाफ्ट आणि बँडसॉचा शाफ्ट एका रेषेत आले की मधे रबरी कपलिंग घालायचं, एवढंच काम. पूर्वी दादा आणि मी गप्पा मारता मारता करायचो. आज बघतो तर बँडसॉचा शाफ्ट चार बोटं खाली.

आधी वाटलं फरशी उतरती आहे. लेव्हल लावली, फरशी ठीक. मग वाटलं माझंच मशीन वर आलंय – कसं येईल, वेड्या? शेवटी बँडसॉचं स्टँड आडवं केलं. पाय कापलेत. चारही. कापून, कानस मारून, खाली रबर बसवून, अगदी दादाच्या हातची सफाई.

अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मशीनला बसू नये म्हणून पाय कापून पाठवतो? आणि बसू द्यायचा नव्हता तर पाठवला कशाला? ही म्हणते, "मोठे भाऊजी असं करणारे नाहीत." मग कोणी केलं, उंदरांनी?

६ फेब्रुवारी

पायांखाली सागाचे ठोकळे दिले. गुण्या लावला, दोरा धरला, शाफ्ट अगदी समोरासमोर. चालू केलं – कपलिंग ठकठक करतंय आणि स्टँड ठोकळ्यांवर नाचतंय. पातं रेषा सोडून स्वतःच्या मर्जीने चाललंय. खुर्चीचा एक चांगला हात वाया गेला.

फिटरला बोलावलं. कुठेही ढिलं दिसलं की वायसर टाकतो, म्हणून त्याचं नावच वायसर. त्याने बँडसॉभोवती दोन फेऱ्या मारल्या. "पायाचा ब्रेक कुठे गेला याचा?" खरंच की. खालचं पेडल काढून टाकलंय आणि टेबलाच्या कडेला हाताने ओढायचा दांडा बसवलाय. स्विचही टेबलाखाली हाताशी आणलाय. वायसर म्हणाला, "डोकं आहे बुवा तुमच्या दादाला."

डोकं आहे, पण चाललं कुठे? पायाने ब्रेक मारला की दोन्ही हात लाकडावर राहतात. हे त्यानेच मला शिकवलं. शिकवताना टपलीही मारली होती.

वायसरच्या मते पायांना लोखंड जोडून घ्यावं. वेल्डरला निरोप धाडला.

८ फेब्रुवारी

वेल्डर कुठल्याशा लग्नाला गेलाय. बसा आता बोंबलत.

९ फेब्रुवारी

पेट्रोल पंपावर तो टेम्पोवाला भेटला. आपणहूनच म्हणाला, "तुमचं ते धूड काढताना घाम फुटला. आतल्या खोलीत होतं, खिडकीपाशी. दाराची फळी उतरवावी लागली."

आतल्या खोलीत? आणि वहिनीने चालवून घेतलं? कपडे झटकल्याशिवाय जी आम्हाला घरात पाऊल टाकू द्यायची नाही, तिच्या खोलीत भुसा? त्यांची शेड चांगली मोठी आहे, आमच्या दुप्पट. कुठेतरी पाणी मुरतंय. हिला सांगितलं तर म्हणाली, "आता तरी फोन करा." नाही केला. चिडून नाही. काय ऐकायला मिळेल, त्याची भीती वाटली.

१० फेब्रुवारी

खालच्या चाकाचं रबर सुटलंय, ते चिकटवायला ठोकळे काढले आणि स्टूल ओढून बसलो. काम झालं. चाक फिरवून बघावं म्हणून हात वर नेला, तर टेबल बरोबर कोपराशी. डावा हात सहज सोडला, तर दांड्यावर पडला. उजवा टेबलाखाली घातला, तर स्विच. एक तुकडा घेतला आणि पात्यावर लाकूड फिरवल्यासारखं करून पाहिलं. कुठे वाकावं लागलं नाही, उठावं लागलं नाही.

उठलोच नाही मी बराच वेळ. दादा बसून काम करत होता.

११ फेब्रुवारी

गेलो. दार वहिनीने उघडलं. "या भाऊजी," एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली.

दादा आतल्या खोलीत, चाकांच्या खुर्चीत. माळ्यावरच्या फळ्या उतरवताना पडला, पाठीला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली जोर नाही. गेल्या उन्हाळ्यापासून! एकाच शहरात राहतो आम्ही. वहिनी म्हणाली, "मी कळवणार होते. मला शपथ घातली." मला लाज वाटली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम.

तो मात्र सरळ कामाचंच बोलला. "मोटर जळली. नवी बसवून काय करू? कापेन मी, पण लाकूड पात्यापर्यंत आणायचं कोणी? ही किती फळ्या पेलणार? पुरे झालं. माझ्याकडे गंजेल, तुझ्याकडे चालेल. पाय वाढवून घे, तुझ्या उंचीला बसेल." वर म्हणाला, "जुनं पातं टाकून दे, आवाज करतं."

आयुष्यभर लाकूड कापलेला माणूस 'पुरे झालं' म्हणतोय आणि मी पाण्याचा पेला हातात घेऊन नुसता बसलोय. तसाच परत आलो. 'नको' म्हणायला हवं होतं का? की म्हणायचा हक्कच घालवून बसलोय?

१३ फेब्रुवारी

वेल्डर आला होता. त्याला परत पाठवला. मी आणि वायसरने माझं मशीन ज्यावर उभं आहे तो लाकडी घोडाच कापून चार बोटं उतरवला. शाफ्ट एका रेषेत आले, कपलिंग गपकन बसलं. माझी कंबर बोलायला लागली, तेव्हा मलाही स्टूल घेतलं.

दादाला फोन केला. म्हटलं, मशीन खाली आणलंय. फळ्या मी धरतो, कापायला तू ये. तो म्हणाला, "तुझ्या शेडला पायरी आहे ना रे? तिथे फळी टाकून ठेव."