गारठवायची कुपी

२१ नोव्हेंबर १९५५, सोमवार

पुन्हा बंद! शेजारच्या आनंदाबाईंचा रेडिओ दहा मिनिटं बोलतो आणि मुका होतो. गार झाला की पुन्हा बोलतो. असं काऊन? माझा धाकटा भाऊ चंद्रभान पुलगावात रेडिओच दुरुस्त करतो. तो दुकानात नेतो, तर तिथे ठणठणीत! पोचेपर्यंत गार झालेला असतो ना. तिथे तापून मुका झालाच, तरी उघडून तपासेपर्यंत पुन्हा गार. त्यात आनंदाबाई, नजर लागू नये म्हणून, चालू रेडिओवरही विणलेली झालर टाकून ठेवतात. ती काढायला लावली. थोडा जास्त चालला, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या कार्यक्रमात त्यांची थोरली बहीण बायजा ओव्या म्हणणार आहे. अल्लीपूरची. आईचं जातं कोणी न्यायचं, यावरून दोघी भांडल्या. जातं बायजानं नेलं. तेव्हापासून बोलणं नाही. "मले काय त्याचं," म्हणतात. आणि येता-जाता विचारतात, शनिवारपर्यंत होईन ना?

२२, मंगळवार

काही नाही. चंद्रभान म्हणतो, आतला कुठला तरी एक भाग तापला की दगा देतो. पण कोणता? सगळेच तापतात!

२३, बुधवार

दवाखान्यात एका गिरणीवाल्याच्या अंगठ्याचं गळू फोडलं. डॉक्टरांनी आधी कुपीतून गार फवारा मारला. कातडी पांढरी पडली, तेवढीच जागा बधिर. मी नर्स, शेजारीच उभी—आणि डोक्यात आलं, माणसाची एवढीशी जागा गारठते, तर रेडिओची का नाही? एकेक भाग गार करत जायचं. ज्याला गार केल्यावर रेडिओ बोलेल, तोच चोर!

डॉक्टर हसले. अर्धी उरलेली कुपी दिली. पण बजावलं—हे पेट्रोलसारखं पेटतं. चूल, विडी, ठिणगी, काही जवळ नको. चालू रेडिओवर तर मुळीच मारायचं नाही.

२४, गुरुवार

चंद्रभान आधी म्हणाला, वेडी झाली का ताई. मग त्यालाच माझ्याहून घाई! दारं-खिडक्या उघडल्या. आनंदाबाईंची चूल विझवली, त्या कुरकुरल्या. चंद्रभानच्या कानावरची विडी मीच काढून घेतली.

रेडिओ तापून मुका झाला की बटण बंद, वायर भिंतीतून बाहेर. तरी आत वीज साठून राहते म्हणे! ती तोच मोकळी करतो, मी बोट लावत नाही. मग पुठ्ठ्याच्या नळीतून एकाच भागावर थोडासा फवारा. काचेच्या दिव्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, नाही, तापलेली काच तडकते. वास गेला की चालू करायचं. आधी एकदा फवारा न मारता तेवढाच वेळ बंद ठेवून पाहिलं, मुकाच राहिला. म्हणजे बोललाच, तर फवाऱ्यानं बोलेल.

तीन भाग झाले. मुकाच. माझ्या बोटावर थेंब उडाला, पांढरं पडलं, आता चुरचुरतंय. उद्या हातमोजे. कुपी संपत आली. भीती वाटते.

२५, शुक्रवार

सापडला! वीज साठवणारा, करंगळीएवढा मेणकागदी कंडेन्सर. तो गार केला आणि नागपूर बोलायला लागलं! मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. चंद्रभाननं नवा बसवला. रेडिओ तासभर चालला. आनंदाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि वर पुन्हा झालर!

२६, शनिवार

झालर काढून मी ती मांडीवर घेऊन बसले. बायजाची पाळी सगळ्यात शेवटी आली. आवाज जाड, पण सूर पक्का. आनंदाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग ही ओवी आली—

जड आईचं जातं, पुरत नाई एक हात
येजो आनंदा बाई, देजो मले साथ

ओवीत घरच्या माणसांची नावं गुंफायची रीतच आहे. पण सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं! आनंदाबाई रेडिओवर हात ठेवून रडल्या. "माहं नाव घेतलं तिनं," एवढंच म्हणत राहिल्या. मीही रडले.

२७, रविवार

सकाळी आनंदाबाई रेडिओ माझ्या दारात ठेवून गेल्या. "तूच ऐकजो, बाई. मी चालली अल्लीपूरले." झालर सोबत नेली. जात्यावर घालायला.